दोरा दाखवा

माझ्या भाचीला भांडकुदळ म्हणणाऱ्या माणसाला मी परवा माझ्याच घरातून उठवून लावलं. माणूस परका नव्हता. माझा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा मामा. हातात चहा, मांडीवर वर्तमानपत्र, आणि तोंडाने म्हणतो, "ताई, खोटं काय बोललो मी? एका दोऱ्यापायी पोरीने चांगली खुर्ची घालवली."

मी म्हटलं, "चालू लाग. दोरा म्हणजे काय ते कळलं की परत ये."

तो गेला. जाताना रागारागात माझा कपही घेऊन गेला. सहाचा संच मोडला.

तर आता त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी सांगते, दोरा म्हणजे काय ते. राग शांत झाल्यावर लिहावं म्हणतात. माझा राग शांत व्हायची वाट पाहिली तर लिहायचं राहूनच जाईल, वय झालंय माझं.

भाचीला घरात मुंगी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. तिची आई, माझी मधली बहीण, गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. वडिलांचा पत्ता नव्हता. मी तिला आणायला गेले तर स्वतःपेक्षा मोठी बॅग कुणाला हात लावू न देता, एकेका पायरीवर टेकवत, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरी घेऊन आली. धापा टाकत म्हणाली, "मावशी, कुठे ठेवू?" मी तेव्हा नाटक कंपनीत होते, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. पोर मग माझ्याबरोबरच फिरली. शाळेचा अभ्यास तिने विंगेत, सामानाच्या पेट्यांवर बसून केला.

त्या पेट्या लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

आणि तार. तीही सांगून टाकते, म्हणजे एकदाची सुटले. मुंगी नऊ वर्षांची असताना एका नव्या थिएटरात मागचा पडदा ताणायला कुणीतरी एक बारीक तार विंगेतून आडवी बांधली होती. दिवे असे पडले होते की ती दिसतच नव्हती. दुसऱ्या अंकात मला धावत आत यायचं होतं. मी धावत आले. तार गळ्याला लागली. प्रेक्षकांना वाटलं, काय सुंदर पडली! टाळ्या पडल्या. मुंगी विंगेत उभी होती, तिला मात्र कळलं. वण अजून आहे. आवाजातले वरचे सूर गेले ते गेलेच. पुढची चौदा वर्षं मी नायकांच्या आया केल्या, खर्जात रडले, आणि बरी रडले. पण नायिका संपली.

आमचे लाइटवाले तात्या त्यानंतर तीन दिवस जेवले नाहीत. तारेशी त्यांचा संबंध नव्हता, पण उजेड त्यांचा होता ना! तेव्हापासून प्रत्येक गावी दिवे लावून झाले की तात्या एक पांढरा शिवणाचा दोरा रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरायला लावायचे. स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे आणि ओरडायचे, "दोरा दाखवा!" दोरा अख्खा दिसला तरच पडदा वर. मधेच कुठे विझल्यासारखा वाटला तर दिवे पुन्हा हलवायचे. दोऱ्याचं एक टोक नेहमी मुंगीच्या हातात असायचं. म्हातारा कटकट करतो म्हणून मॅनेजर बोटं मोडायचे, पण एकदाही तात्यांनी दोरा चुकवला नाही.

मुंगी शिकली, इंजिनियर झाली. काँप्युटरमध्ये चित्रं उमटवणारी जी चिप असते, ती आखण्याच्या कामात बावीस वर्षं आहे. मी तिला दर वर्षी विचारायचे, "म्हणजे नेमकं करतेस काय गं?" दर वर्षी ती सांगायची आणि दर वर्षी मी विसरायचे. शेवटी तिने पेट्यांनी सांगितलं, तेव्हा डोक्यात बसलं.

पडद्यावरच्या चित्रात खऱ्यासारखा उजेड हवा, सावली हवी, आरशात प्रतिबिंब हवं, तर प्रत्येक ठिपक्यातून एकेक किरण सोडायचा आणि तो कशाला जाऊन धडकतो ते शोधायचं. किरण कोट्यवधी, आणि चित्रातल्या वस्तूंचे तुकडेही लाखो. प्रत्येक किरण प्रत्येक तुकड्याशी ताडून बघायचा म्हटलं तर चिप जळून जाईल. म्हणून सगळे तुकडे पेट्यांमध्ये भरायचे. मोठ्या पेटीत लहान पेटी, तिच्यात आणखी लहान. किरण पेटीला लागलाच नाही तर ती उघडायचीच नाही, आतलं सगळं एका फटक्यात वगळलं. आमच्या कंपनीत असंच होतं. तलवार हवी असली तर दागिन्यांच्या पेटीकडे कोण बघतो?

आता या पेट्यांची मापं चिपला लांबच्या गोदामातून, म्हणजे मेमरीतून, आणावी लागतात. खरी वीज तिथेच जाते, चिप तापते ती याच हेलपाट्यांनी. मुंगीने काय केलं, मापांतले आकडे छाटले. लांबलचक आकड्याऐवजी दोन-तीन अंकांत माप लिहायचं, म्हणजे एका खेपेत आठ पेट्यांची मापं येतात. हेलपाटे निम्म्याच्या खाली आले. ही तिची कामगिरी, चार वर्षांची.

पण आकडा छाटला की माप थोडं इकडेतिकडे होणारच. मुंगीचा नियम होता: पेटी कायम बाहेरच्या अंगाला वाढवायची. "मावशी, पेटी मोठी झाली तर काय होईल? कधीमधी उगाच उघडली जाईल. थोडा वेळ गेला. पण लहान झाली तर आतल्या वस्तूचं टोक बाहेर राहतं, किरण पेटीला चुकवून जातो, आणि तिथे काहीतरी आहे हे कुणाला कळतच नाही."

"आणि मग?"

"मग ते दिसत नाही. बारीक असेल तर अजिबातच नाही."

तिने माझ्या गळ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला दिसलं.

चिप कारखान्यात जायच्या आधी तिच्या शेकडो चाचण्या घेतात. मुंगीने त्यांत एक आपली घातली होती. रिकामा रंगमंच, वर एक दिवा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरा दोरा. दोरा अख्खा उमटला तर पास, तुटला तर नापास. चाचणीचं नाव काय असणार? "दोरा दाखवा." ऑफिसातली पोरं हसायची. यादीत एकूण चारशे बारा चाचण्या होत्या आणि मुंगीला मोजायची सवय आहे.

गेल्या वर्षी आराखडा कारखान्यात जायला नऊ दिवस उरले होते. एकदा गेला की त्यात काडीचाही फरक करता येत नाही, तिसरी घंटा झाली म्हणायचं. त्याआधी पाच जणांच्या सह्या लागतात, त्यांत पेट्यांची सही मुंगीची. तिने यादी मोजली. चारशे अकरा.

तिचे वरिष्ठ आहेत, त्यांच्या तोंडावरचं हसू कधी मावळत नाही म्हणून सगळे त्यांना हसरे साहेब म्हणतात. मी भेटले आहे. मला जिना चढताना हात दिला होता, तब्येतीची चौकशी केली होती, ते मी नाकारत नाही. मुंगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"यादीत एक चाचणी कमी आहे, सर."

"हो का? जुनी असेल एखादी. काढली असेल."

"जुनी नव्हती. नापास होत होती. काल कुणीतरी पेट्यांचा नियम बदललाय. बाहेर वाढवायच्या ऐवजी जवळच्या आकड्याला आणल्यात. म्हणजे निम्म्या पेट्या आकसल्या."

साहेब हसले. "आणि वेग नऊ टक्के वाढला, ते नाही बघितलंत! उगाच उघडल्या जाणाऱ्या पेट्या बंद झाल्या. नऊ टक्के, मॅडम. वरच्यांना मी तोच आकडा दिलाय."

"चित्राला भोकं पडतात."

"दोन-चार ठिपके. नंतर चित्र घासूनपुसून घेतोच की आपण, त्यात बुजतात."

"ठिपके बुजतील. दोरा गेला तो परत येत नाही."

"अहो, एक दोरा दिसला नाही तर कोण मरतं?"

दुपारी दीड वाजता मुंगी घरी आली. या वेळेला ती कधी येत नाही. चपला दारात अशा भिरकावल्या की एक शेजारणीच्या उंबऱ्याशी गेली. मी भाजी निवडत होते.

"मावशी, वण दाखव."

"काय झालं गं?"

"दाखव आधी."

मी पदर सारला. तिने बघितलं, मग साहेबांचं ते वाक्य जसंच्या तसं, त्यांच्याच हसऱ्या सुरात म्हणून दाखवलं. नक्कल छान करते, शेवटी विंगेत वाढलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "चल, मी येते. विचारते त्याला."

"तू बस."

"का बसू? चव्वेचाळीसची झालीस, केस पिकले, आणि तुझं काम कुणीतरी तुझ्या पाठीमागे कापायचं? सही करू नकोस."

"नाही केली तर चष्मेवाल्याची घेतील. त्यालाच लावलं चाचणी काढायला. दोन लहान मुलं आहेत त्याला, नाही म्हणायची ताकद नाही."

चष्मेवाला म्हणजे तिच्या हाताखालचा, तिशीतला, आमच्या घरी येऊन माझ्या हातचा चहा पिणारा.

"मग नऊ टक्के खोटेच का?" मी विचारलं.

इथे ती थोडी शांत झाली. कामाबद्दल बोलताना होते. "नऊ टक्के खरेपणाने मिळवता येतात. मी दोन वर्षं सांगतेय. किरण कसेही आत सोडतो आपण. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक छताला. प्रत्येकासाठी वेगळी पेटी आणायला धावायचं. तुमच्या थिएटरात लोक असे शिरले असते तर?"

"दारावरचा माणूस वेडा झाला असता."

"तेच. एकाच रांगेतली माणसं एकत्र सोडली की रांग एकदाच दाखवायची. किरणही आधी दिशेप्रमाणे लावून घ्यायचे, म्हणजे एकदा आणलेली पेटी शंभर किरणांच्या कामी येते. सहा आठवडे द्या म्हटलं. म्हणाले, सहा आठवडे कुणाकडे आहेत?"

पेट्या आकसायला एक दुपार पुरते. सहा आठवड्यांची मेहनत आणि एका दुपारची लबाडी, दोन्हींवर आकडा एकच लिहिता येतो. कागदावर फरक दिसत नाही, हेच तर मला सहन होत नाही! आम्हीही रंगमंचावर खोटं बोलायचो. पुठ्ठ्याचा राजवाडा, मिठाचा बर्फ. पण समोर बसलेल्याला ठाऊक असायचं की हे नाटक आहे.

पुढचा प्रसंग मला चष्मेवाल्याने सांगितला, कारण मुंगी स्वतःबद्दल सलग चार वाक्यं बोलत नाही.

तीन दिवसांनी चिपचं पहिलं मोठं गिऱ्हाईक बघायला आलं. क्रेन चालवायला शिकवणारी संस्था. खऱ्या क्रेनवर बसवण्याआधी शिकाऊ माणसाला खोट्या केबिनमध्ये बसवतात, समोर पडद्यावर बंदर, जहाज, लटकता माल. ते चित्र या चिपने काढायचं. आलेल्यांत त्यांचे एक मास्तर होते. तीस वर्षं केबिनमधून खाली बघून त्यांची मान कायमची एका अंगाला वाकलेली.

चिप अजून बनलेली नव्हती. तिची नक्कल करणारं कपाटाएवढं यंत्र होतं, ते सुरू केलं. पडद्यावर बंदर उमटलं. पाण्यावर ऊन, ओल्या फरशीवर क्रेनची सावली, हवेत लटकलेला लोखंडी डबा. लोकांनी माना डोलावल्या. हसरे साहेबांनी नऊ टक्क्यांचं भाषण केलं.

मास्तर पडद्याजवळ गेले. "हा दोर एवढा जाड कशाला? याने काय डोंगर उचलायचाय?"

साहेब म्हणाले, "ते दाखवण्यापुरतं आहे हो."

मुंगी मागच्या रांगेत बसली होती. उठली. "मास्तर, तुमचा खरा दोर किती जाड असतो?"

"माझ्या अंगठ्याएवढा. केबिनमधून केसाएवढा दिसतो."

"दिसावा लागतो का?"

मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं की काय विचारतेय ही बाई. "दोर ढिला पडला, पिळला, डुलायला लागला, हे त्या केसातच तर कळतं, बाई. आम्ही डबा बघत नाही, दोर बघतो. खाली माणसं असतात."

"मॅडम, हे आपण नंतर बोलू," साहेब म्हणाले. हसतच.

मुंगी चष्मेवाल्याकडे वळली. यंत्र त्याच्या हातात होतं. "दोर खऱ्या मापाचा लाव."

चष्मेवाला मला म्हणाला, "मावशी, एका बाजूला साहेब, एका बाजूला या. मला वाटलं यंत्रच बंद पडावं." मी त्याला म्हटलं, "मग?" म्हणाला, "मग लावला."

चित्र यायला दोन मिनिटं लागली. बंदर आलं, पाणी आलं, डबा आला. दोर आला तो तुटक तुटक, गाळलेल्या अक्षरांसारखा. इथे वीतभर, मग काही नाही, मग पुन्हा बोटभर. फरशीवर त्याची सावलीही तशीच फाटकी.

मास्तरांनी पडद्यावर दोर तुटलेल्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, "डबा हवेत तरंगतोय की काय? यावर शिकलेला पोरगा मी माझ्या यार्डात पाऊल ठेवू देणार नाही."

"ही फक्त एक—" साहेबांनी सुरुवात केली.

"पेट्या बाहेरच्या अंगाला वाढवल्या की दोर अख्खा येतो," मुंगी म्हणाली. "आजच दाखवते. वेग नऊ टक्के कमी दिसेल. तो सहा आठवड्यांत भरून काढता येईल."

मास्तर म्हणाले, "वेगाचं काय करू मी? दोर दाखवा."

मी हे ऐकताना चष्मेवाल्याचा हात धरला होता. त्या मास्तरांनी तात्यांचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल झालं, जिंकली. थांबा.

आराखडा नऊ दिवसांनी गेला नाही. पेट्या पूर्वीसारख्या झाल्या, चाचणी यादीत परत आली. सहा आठवडे, जे कुणाकडेच नव्हते, ते सापडले. किरण दिशेप्रमाणे लावायचं काम त्या सहा आठवड्यांत झालं, नऊ नाही, अकरा टक्के मिळाले. आणि ते काम मुंगीकडून काढून घेऊन झालं. तिच्या वह्या, तिचे आराखडे, तिने आखलेली रांग, सगळं दुसऱ्यांच्या हाती. मुंगीला सांगितलं, "तुम्ही गिऱ्हाइकासमोर संस्थेची शोभा केलीत. तुमच्यासाठी जरा शांत काम बघितलंय." शांत काम म्हणजे खालच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत, जुन्या चिपांची माहितीपुस्तकं तपासणं. पाच सह्यांच्या कागदावर पेट्यांसमोर सही आहे हसरे साहेबांची. अकरा टक्क्यांचं भाषणही त्यांनीच केलं. टाळ्या पडल्या म्हणे.

टाळ्या मला ठाऊक आहेत. मी तारेला लागून पडले तेव्हाही पडल्या होत्या.

चिप बनून आली तेव्हा चष्मेवाला एक नमुना चार दिवसांपुरता मागून घरी घेऊन आला. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने काँप्युटर जोडला. मुंगीने रिकामा रंगमंच लावला. वरून एक दिवा. आणि दोरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्खा. खाली फळ्यांवर त्याची सावलीही अख्खी, केसासारखी. मी खुर्ची मागे सरकवत सरकवत भिंतीला टेकले, शेवटच्या रांगेतून दिसतो का बघायला. दिसला.

"झालं ना मावशी?" मुंगी म्हणाली. "दोरा शाबूत आहे. नाव कुणाचं का असेना."

"तुझं नको असेल. मला हवंय!" मी ओरडले. माझा आवाज फाटतो ओरडताना. "बावीस वर्षं घासलीस, आणि जिन्याखाली बसवली तुला! मोठ्या मनाचं सोंग माझ्यासमोर नको. मी सोंगं करूनच म्हातारी झालेय."

तिने पडद्यावरचा दिवा विझवला. मग हळूच म्हणाली, "मलाही हवंय गं." आणि रडली. सहा वर्षांची असताना आईसाठी रडली होती, त्यानंतर मी बघितलेली ही दुसरी वेळ. चष्मेवाला चष्मा पुसत बसला.

म्हणून माझ्या भावाला मी उठवून लावलं. खुर्ची घालवली म्हणे!

हे लिहीत असताना, आत्ता सकाळी, मुंगीचा फोन वाजला. चष्मेवाला होता. पुढच्या चिपचं काम सुरू झालंय, यादी त्याच्याकडे आली आहे. आता चाचण्या चारशे तीस व्हायला हव्या होत्या. त्याने मोजल्या. मुंगीने शिकवलंय त्याला मोजायला. चारशे एकोणतीस भरल्या.

"तू काढलीस?" मुंगीने विचारलं.

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मुंगीने फोन ठेवला, अर्धा चहा तसाच सोडला आणि दारात बसून बूट चढवायला लागली. नाडी खच्चून बांधली.

"कुठे? तुझं काम तर आता खाली ना?" मी विचारलं.

"वरच्या मजल्यावर जाऊन येते," ती म्हणाली. "चष्मेवाला जिन्यात थांबलाय. अपुरी यादी घ्यायला या वेळी तो साहेबांना नाही म्हणालाय."

मी कपाटातून शिवणाचं रीळ काढलं, पांढरं, आणि तिच्या हातात दिलं.